भास्कर सावेंची वाडी आणि आमची वाडी: झाडाखालचं गवत काढू की राहू देऊ?

वाडीवरचा (४ मे)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण सहा महिने डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बोर्डीजवळ आमची तीन एकर वाडी आहे. ६२ चिकू, चाळीसेक माड, कुंपणाला आंबे आणि शेवगा. आजोबांनी लावली, वडिलांनी वाढवली. गेल्या वर्षी वडिलांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि वाडी माझ्याकडे आली.

मी सहावीत असताना वडील मला देहरीला भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी दाखवायला घेऊन गेले होते. गुजरातची हद्द ओलांडली की उंबरगाव तालुका, आमच्यापासून अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतात ते माझे पाय. चपला काढून आत शिरलो आणि पाय खाली गेले. वर पाल्याची गादी, ती हाताने बाजूला केली तर खाली काळी, ओलसर, रव्यासारखी मोकळी माती. एप्रिल महिना होता. आमच्या वाडीत तेव्हा दुपारी अनवाणी उभं राहवत नव्हतं. येताना वडील गप्प होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्यांचं वेगळं आहे." आणि पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे वाडीत ट्रॅक्टर घातला.

ज्यांना सावे माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. जन्म १९२२, देहरीचाच. आधी प्राथमिक शाळेत शिक्षक. मग रासायनिक खत वापरणारे परिसरातले आदर्श शेतकरी, इतके की खताच्या विक्रीवर त्यांना कमिशन मिळायचं. पण दरवर्षी खर्चाचा आकडा वाढत जातो आणि हातात उरणारा पैसा घटत जातो, हे त्यांनी स्वतःच्याच हिशेबात पाहिलं आणि ते थांबले. पुढे १४ एकरांत त्यांनी चिकू-नारळाची मिश्र बाग उभी केली. नांगरट बंद, बाहेरचं खत बंद, फवारणी बंद. नैसर्गिक शेतीसाठी जगभर ओळखले जाणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका ही वाडी पाहायला आले होते आणि माझ्या शेतापेक्षाही ही सरस आहे असं सांगून गेले. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने सावेंना जीवनगौरव दिला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. ९३ वर्षांचं आयुष्य, आणि त्यातलं बहुतेक एकाच मातीवर.

आता माझा प्रश्न. पावसाच्या आधी रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं माती उलटून भुसभुशीत करणारं यंत्र) मारायचा की नाही? शेजारचे म्हणतात, गवत ठेवलंस तर वाडी ओसाड पडली म्हणतील लोक. वडील काही बोलत नाहीत, पण ओटीवरून वाडीकडे बघत बसतात. मला त्यांच्या डोळ्यांदेखत वाडी बिघडवायची नाही. आणि खरं सांगायचं तर ती माती मला पुन्हा पायाखाली हवी आहे.

केळवेकर

सावे आडनाव वाचूनच धागा उघडला. आम्ही वाडवळ, सावे आडनाव आमच्याकडे घरोघर.

तुमच्या वडिलांना एक आठवण करून द्या. केळवे-माहीमच्या जुन्या वाड्यांत काय होतं? वर माड, त्याखाली पोफळी, मध्ये केळी, पानवेल, खाली अळू आणि हळद. एका पाण्यात पाच पिकं. एकट्या झाडाची वाडी ही आपली रीतच नव्हती, ती पुढे बाजाराने आणली. सावेंनी काही परक्या देशातून आणलेलं नाही, आपल्याच वाडीचं शहाणपण त्यांनी बारकाईने तपासून पुढे नेलं. मला त्यांचा अभिमान वाटतो तो यासाठी.

निसर्गवेडी_नीता

रोटाव्हेटर नको!! फोटो टाका वाडीचे.

मृदामित्र

दादा, मी कृषी पदवीधर आहे आणि रोज माती परीक्षणाचे अहवाल बघतो, त्यामुळे थोडं विरुद्ध बाजूने लिहितो. राग मानू नका.

रोटाव्हेटर मारू नका, इथपर्यंत सहमत. चिकूची अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. दरवर्षी तुम्ही तीच कापता आणि मग झाडाला सावरायला खत देता.

पण "बाहेरून काहीच नको" हे सरसकट सांगू नका. नारळाला पालाशची (पोटॅशची) भूक मोठी. तुम्ही नारळ सोडणासकट (वरच्या जाड, केसाळ सालीसकट) गाडीत भरून पाठवता तेव्हा वाडीतला पालाश गाडीत बसून जातो. जमीन ही बँक मानली तर पैसे काढून भरणा न करणारं खातं किती दिवस चालेल? सावेंच्या वाडीत पाला, झावळ्या, तण, सगळं जागेवर कुजत होतं, त्यात झाडांची दाटी आणि खाली जिवंत माती. ती व्यवस्था उभी राहायला अनेक वर्षं गेली आहेत. तुमची माती अजून तिथे नाही.

आणि एकदम सगळं बंद करण्याचा परिणाम श्रीलंकेने २०२१ मध्ये पाहिला. एप्रिलमध्ये रासायनिक खतांवर बंदी, भाताचं उत्पादन कोसळलं, नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागे. एका शेतकऱ्याने सवडीने केलेली गोष्ट आणि एका फर्मानाने देशभर लादलेली गोष्ट यांत फरक आहे. तुम्ही सवडीने करा.

शिकोकूकर

मृदामित्र यांच्या "एकदम सगळं बंद" या मुद्द्याला जोडून.

मी नोकरीनिमित्त आठ वर्षं जपानमध्ये शिकोकू बेटावर मात्सुयामाला राहतो. फुकुओकांचं गाव इयो इथून जवळच. डोंगरउतारावर जिकडे तिकडे मिकान म्हणजे संत्र्यासारख्या फळाच्या बागा. फुकुओका तरुणपणी योकोहामाच्या बंदरावर झाडांची रोगतपासणी करायचे. पंचविशीत मोठ्या आजारातून उठले आणि नोकरी सोडून वडिलांच्या शेतावर आले. निसर्गाला आपलं आपण करू दे, या विचाराने त्यांनी वडिलांच्या मिकानच्या झाडांची छाटणी बंद केली. काय झालं? फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि पुष्कळ झाडं मेली.

पुढे त्यांनी स्वतःच मांडलं की ही नैसर्गिक शेती नव्हती, ही झाडं वाऱ्यावर सोडणं होतं. जे झाड लहानपणापासून माणसाने वाकवलं, कापलं, त्याचा हात एका दिवसात सोडता येत नाही. नंतर ते इथल्याच, शिकोकूवरच्या कोची प्रांताच्या संशोधन केंद्रात काही वर्षं कीड-रोगांवर काम करत होते, म्हणजे विज्ञान माहीत नसलेला माणूस नव्हता. युद्ध संपल्यावर परत शेतावर आले आणि मग पुढची सगळी दशकं तिथेच. भाताच्या उभ्या पिकात क्लोव्हर (जमीन झाकणारी एक बुटकी वनस्पती) आणि बार्ली यांचं बी फेकायचं, कापणी झाली की पेंढा परत शेतावर पसरायचा, बी मातीच्या गोळ्यांत घालून टाकायचं. १९८८ ला मॅगसेसे मिळाला. २००८ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी गेले.

तेव्हा दादा, तुमच्या चिकूला ४०-५० वर्षं पाणी, खत, नांगर यांची सवय आहे. हात सोडा, पण एकेक बोट करत.

गोदाकाठ

मी परभणी जिल्ह्यातली. साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. हा धागा वाचताना छान वाटतं आणि छातीत कळही येते.

बागाईतवाल्या भावांनो, तुम्ही "पाच वर्षं थांबा" म्हणता. आमच्याकडे जूनमध्ये घेतलेलं कर्ज मार्चला फेडायचं असतं. एक हंगाम हुकला तर मुलीची फी थांबते. माती सुधारेपर्यंत घर कशावर चालवायचं हे कोणी सांगत नाही. निसर्गप्रेम आम्हाला पण आहे. पहिला पाऊस पडला की मी पण बांधावर जाऊन उभी राहते.

दुसरं, खुरपणी. तण हा मित्र, हे मला पटतं. पण आमच्या गावात खुरपणीवर पन्नास बायांचं पोट आहे. तणनाशक आलं तेव्हा आधी त्यांची मजुरी गेली. उद्या "तण ठेवा" म्हणून परत त्यांचीच जाणार असेल तर त्या बायांनी काय करायचं, हे पण या विचारात बसवा.

वाडीवरचा

गोदाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्यापाशी उत्तर नाही, पण सावेंबद्दल मला माहीत आहे ते सांगतो, कारण "थांबा आणि सोसा" असं त्यांनी कधीच शिकवलं नाही.

त्यांची मांडणी अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी अशी होती. नारळ-चिकूला पैसा द्यायला वर्षं लागतात, म्हणून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आधी कडधान्य आणि भाजीपाला, मग केळी, पपई, शेवगा अशी मधल्या वयाची झाडं. कडधान्याने घर चालतं आणि जमीनही झाकली जाते. मोठी झाडं वर आली की खालची आपोआप निवृत्त होतात. बागेशिवाय त्यांचं भाताचं शेत होतं. उंच वाढणारा देशी नवाबी कोलम तिथे व्हायचा आणि हिवाळ्यात कडधान्य. म्हणजे पोट आधी, हे त्यांच्या आखणीतच होतं.

मृदामित्र, पालाशची गोष्ट डोक्यात बसली. आम्ही खरंच सोडणासकट नारळ विकतो.

पाचट

राम राम. कोल्हापूर, ऊस, अडीच एकर.

एकच गोष्ट सांगतो, स्वतःच्या हाताने केलेली. वडिलांच्या काळापासून आम्ही तोड झाली की पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवायचो. रात्री शिवारभर जाळ दिसायचा, लहानपणी बघायला मजा यायची. २०१४ साली आमच्या शेजारच्या काकांनी पाचट ठेवलं आणि एक आड एक सरीत दाबलं. मी हसलो होतो. त्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली, माझा खोडवा (तोडीनंतर फुटून आलेला ऊस) पिवळा पडला, त्यांचा हिरवा.

मी दुसऱ्या वर्षी अर्ध्या एकरात ठेवलं. पहिल्या वर्षी उंदीर झाले. दुसऱ्या वर्षी पाणी कमी लागलं. चौथ्या वर्षी एका सकाळी पाचट उचललं तर खाली गांडुळाची विष्ठा, मोहरीच्या ढिगासारखी. मी तिथंच खाली बसलो. बायको म्हणाली काय झालं, पाय मुरगळला काय? मी म्हणालो, बस जरा, बघ. दोघं बसलो.

गोदाकाठ ताई, मी अर्धा एकरच बदलला होता. बाकीच्या दोन एकरांनी तेवढी वर्षं घर चालवलं.

निसर्गवेडी_नीता

पाचट काका, डोळ्यात पाणी आणलंत.

वऱ्हाडी_पाटं

आमच्या इकडं यवतमाळचे सुभाष शर्मा आहेत, गेल्या वर्षी-दोन वर्षांत पद्मश्री झालेले. ते पण आधी रासायनिकच करायचे, उत्पादन घसरत गेल्यावर वळले. कोरडवाहूवाल्यांनी सावेंच्या नारळापेक्षा यांच्याकडं बघावं. पावसाचं पाणी शेतातच अडवणं, पिकांची सोबत, झाडं आणि पाखरं शेतात ठेवणं. पाखरू बसायला जागा असली की अळी राहत नाही, हे आमच्या आजाला पण माहीत होतं, म्हणून कपाशीत ज्वारीची चार ताटं असायची.

आणि जीवामृत कोणीच काढलं नाही? २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, रोज ढवळायचं. अमरावतीच्या पाळेकरांनी गावोगाव पोचवलं. वाडीला सुरुवातीला हे द्या.

केळवेकर

पण सावेंच्या वाडीत जीवामृत नव्हतं ना? त्यांची पद्धत बाहेरून काही न घालण्याची.

वऱ्हाडी_पाटं

त्यांची माती जिवंत होती म्हणून नसेल लागलं. आजारी माणसाला आधी पेज, मग भाकर.

मृदामित्र

ही उपमा मी उद्यापासून वापरणार. :) फक्त एक भर. जीवामृत म्हणजे विरजण. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध लागतंच, आणि इथे दूध म्हणजे पालापाचोळा, काडीकचरा. उघड्या, तापलेल्या जमिनीवर जीवामृत ओतून फार हाती लागत नाही. आधी आच्छादन.

चांदा_ते_बांदा

थोडं विषयांतर, पण जमिनीवर जीव लावणारा शेतकरी म्हटल्यावर माझ्यासमोर दादाजी खोब्रागडेच येतात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, मराठवाड्यातलं नव्हे. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. हजारोंमध्ये तीन! त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी लावल्या, परत निवडल्या. वर्षानुवर्षं. त्यातून जे वाण झालं त्याला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेल्या घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. आज अर्ध्या देशात तो तांदूळ शिजतो. माणूस मात्र २०१८ मध्ये आर्थिक ओढाताणीतच गेला. हे लिहिताना आजही घशाशी येतं.

लोक म्हणतात नवं वाण काढायला प्रयोगशाळा लागते. लागते, पण त्याआधी रोज बांधीत फिरणारा माणूस लागतो, ज्याला तीन लोंब्यांचा रंग वेगळा दिसतो.

आज्जीचं_परसू

एचएमटीचा भात आमच्या घरी वीस वर्षं होतो आणि हे मला आज कळलं. आज संध्याकाळी ताट वाढताना नातवंडांना सांगणार.

केळवेकर

अकोल्याच्या (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले) राहीबाई पोपेरे पण याच माळेतल्या. कोंभाळण्याचं घर म्हणजे गावठी बियाण्यांची पेढी. शेण-राखेत राखलेलं वाल, वांगी, भाताचं बी. २०२० साली पद्मश्री. वाडीवरचा, तुमच्या माडांमध्ये घेवड्या-वालाचे वेल सोडायचे असतील तर असं गावठी बी शोधा.

गोदाकाठ

पाचट भाऊ, तुमचं अर्ध्या एकराचं वाचून मी नवऱ्याशी बोलले. आमचा ओढ्याकडचा २० गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथे सोयाबीन तसंही पाणी लागून जातं. तिथे यंदा तूर, मूग, ज्वारी, अंबाडी मिसळून टाकायचं ठरलंय. बाकी नेहमीसारखं. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आम्ही करत होतो, तुम्हीच बंद केलं."

पाचट

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

वाडीवरचा (२८ मे)

ठरलं. रोटाव्हेटर मारत नाही. पण वाडी वाऱ्यावर सोडत नाही, शिकोकूकरांची गोष्ट लक्षात आहे.

आज एक काम केलं ते सांगतो. आमच्याकडे प्रत्येक चिकूला खोडाशी आळं आहे, पाणी तिथेच सोडतो. सावेंच्या वाडीत खोडाशी पाणी नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये चर आणि पाणी फक्त चरात, झाडं उंचवट्यावर. झाड मोठं होत जाईल तसं पाणी खोडापासून लांब न्यायचं, म्हणजे मुळं ओलाव्याच्या मागे बाहेर पसरतात. मुळांना पाणी नको, ओल हवी, तो वापसा. हे मी वाचलं होतं, पण आज कुदळ घेऊन एका झाडाखाली स्वतः पाहिलं. खोडापासून दोन हातांवर जाडजूड मुळं, तंतू जवळजवळ नाहीत. मग सावलीच्या कडेला खणलं, तिथे केसांसारखी पांढरी मुळं जाळी करून बसलेली. आणि तिथली माती कोरडी ठक्क. म्हणजे चाळीस वर्षं आम्ही झाडाला पाणी दिलं ते त्याच्या तोंडापासून लांब.

वडिलांना खुर्चीसकट तिथे नेलं. त्यांनी काठीच्या टोकाने ती मुळं हलवून पाहिली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "चर ईशान्येला उतार देऊन काढ, पावसाचं पाणी तिकडे जातं."

निसर्गवेडी_नीता

काका तयार झाले!!!

मृदामित्र

दोन गोष्टी नक्की पाळा. पहिली, पाला राहू द्या पण किडकी फळं आणि गळलेल्या कळ्या राहू देऊ नका. तुमच्या पट्ट्यात चिकूची बी पोखरणारी अळी आहे. ती फळं वेचून नष्ट करा, प्रकाशसापळा लावा. दुसरी, माडाचं कुजकं खोड किंवा उघडा शेणाचा ढीग वाडीत ठेवू नका, त्यात गेंड्या भुंगा वाढतो. निसर्गावर विश्वास ठेवा आणि रोज फेरीही मारा.

वऱ्हाडी_पाटं

रोजची फेरी हेच खरं खत. आमचा आजा म्हणायचा, शेताला धन्याचं पाऊल लागलं पाहिजे.

आज्जीचं_परसू

माझ्याकडे जमीन नाही, गच्चीवर १९ कुंड्या आहेत. हा धागा वाचून कुंड्यांतली माती उकरणं बंद केलं आणि भाजीची देठं वर पसरायला लागले. एका कुंडीत परवा गोम निघाली, सून घाबरली. मी तिला म्हटलं, ती पण राहायलाच आलीय.

वाडीवरचा (१६ नोव्हेंबर)

कळवायला उशीर झाला, माफ करा.

पावसाळ्यात गवत कमरेएवढं आलं. जुलैमध्ये माझाच धीर सुटत होता. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, वाडी विकायला काढली का? दोनदा विळ्याने कापून जागेवरच पसरलं. गोदाकाठ ताई, तुमचं म्हणणं मनात होतं. आमच्याकडे गवत काढायला येणाऱ्या चार मावशींना मी थांबवलं नाही. खुरप्याऐवजी विळा दिला. कापा, पण उपटू नका. मजुरी तीच. बसून करण्यापेक्षा वाकून कापणं सोपं जातं की कंबर जास्त दुखते, यावर त्यांच्यात अजून एकमत नाही.

पीक कसं? चिकू गेल्या वर्षीपेक्षा थोडे कमी निघाले. खरं ते सांगतो. पण खताचा आणि ट्रॅक्टरचा खर्च गेला, त्यामुळे हातात जवळपास तेवढेच राहिले. किडकी फळं मात्र वेचून वेचून हात दुखले. चार माडांना अजून पिवळेपणा आहे, त्यांना राख आणि थोडं पोटॅश दिलं, कारण आजारी झाडासमोर तत्त्व घेऊन उभं राहता येईना. सावेंच्या वाडीत एकेका माडाला वर्षाला साडेतीनशे-चारशे नारळ यायचे असं सांगतात. आमचे सत्तर-ऐंशी. तिथवर माझ्या हयातीत पोचेन की नाही कोण जाणे, पण दिशा तीच.

माती अजून त्यांच्यासारखी नाही. गादी फक्त बोटभर. पण पाऊस जाऊन महिना झाला तरी पाल्याखाली हात घातला की गार लागतं. रोज सकाळी वडील काठीने पाला बाजूला करतात, बघतात आणि परत सारखा करतात. कालच म्हणाले, देहरीहून आलो तेव्हाच ऐकायला हवं होतं. मी म्हटलं, तेव्हा माझी फी भरायची होती तुम्हाला. त्यावर ते हसले.

गोदाकाठ

वडिलांना नमस्कार. आमच्या २० गुंठ्यांत मूग हाताला लागला, ज्वारीची कणसं पाखरांनी अर्धी खाल्ली, तूर अजून उभी आहे, फुलावर आहे. मधमाश्या इतक्या की जाताना कानाशी गुणगुण ऐकू येते. हिशेब तूर निघाल्यावर लिहीन. सासूबाईंनी अंबाडीच्या बोंडांचं सरबत केलं होतं, ते मात्र हिशेबात धरलेलं नाही.

शिकोकूकर

डिसेंबरमध्ये भारतात येतोय. वाडीवर आलो तर चालेल का? इथल्या मिकानचा मुरंबा आणतो.

वाडीवरचा

या की! शनिवार बघून या, म्हणजे देहरीलाही जाऊ. वडिलांनाही न्यायचं आहे.

मृदामित्र, एक विचारायचं राहिलं. यंदापासून नारळ सोलून विकतोय, सोडणांचा ढीग साठलाय. चरात टाकायचं म्हणतो. नुसती टाकू की पुरू?

मृदामित्र

चरात थरांनी रचा आणि वरून माती-पाला टाका. सोडणं पालथी घालू नका, उताणी ठेवा, पोकळ बाजू वर. पाणी धरून ठेवतात.